एकेचाळीसाला सात

मिस्त्रीच्या हातून चूक होत नाही, असं यार्डातले सगळे म्हणत, आणि सगळ्यांत जास्त वेळा ते मिस्त्री स्वतःच म्हणे. तो मागच्या एक्सलचा माणूस. इंजिनात हात घालणाऱ्यांना तो खिजगणतीतही धरत नसे. "इंजिन नुसतं ओरडतं, ओढतो तो एक्सल," हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. यार्डात एक्सल उघडणारा दुसरा कोणी नव्हता, त्यामुळे त्याचा तोरा खपून जात होता.

त्या सकाळी खाणीवरची गाडी मागच्या एक्सलमधून हुंकार देत आत आली, तेव्हा त्याने नेहमीच्या शिस्तीने काम सुरू केलं. चाकं उचलली, तेल काढलं, दोन्ही बाजूंचे शाफ्ट ओढले आणि हाऊसिंगच्या, म्हणजे एक्सलच्या लोखंडी पेटीच्या, पोटातला दातेरी चाकांचा अख्खा संच साखळीने उचलून टेबलावर घेतला. डिझेलने धुतला. मग पिनियनवर, म्हणजे त्यातल्या लहान चाकावर, बोट ठेवून दात मोजले. नऊ भरले.

त्याने परत मोजले. नऊच. एका दाताला खडू लावून तिसऱ्यांदा मोजले, तरी नऊ. प्रत्येक हाऊसिंगच्या एका बोल्टखाली पत्र्याचा छोटा बिल्ला असतो, आत किती दातांचा संच आहे ते त्यावर ठोकलेलं असतं. मिस्त्रीने बिल्ला चिंधीने पुसला. एकेचाळीसाला सात, असं तिथे स्वच्छ दिसत होतं, आणि शेजारी त्याच्याच पंचाने, म्हणजे टोकदार खिळ्याने, ठोकलेला ठिपका होता. त्या ठिपक्याचा अर्थ सगळ्या यार्डाला पाठ होता: मिस्त्रीने मोजलंय, आता कोणी शंका काढू नये.

मिस्त्रीने एक जुना टायर ओढला आणि त्यावर बसला. 

ही सात आणि नऊची भानगड म्हणजे काय, तर इंजिनाकडून येणारा लांब दांडा पिनियनला फिरवतो, पिनियन क्राऊनला, म्हणजे मोठ्या दातेरी चाकाला, आणि क्राऊन गाडीच्या चाकांना. क्राऊनला दात एकेचाळीस. पिनियनला सात असले तर दांड्याचे जवळजवळ सहा फेरे होतात तेव्हा चाकाचा एक होतो. अशी गाडी धावत नाही, पण ओढते. पिनियनला नऊ असले तर दांड्याचे साडेचार फेरे पुरतात. अशी गाडी सपाटीवर सुंदर पळते आणि भार घेऊन चढ आला की मान टाकते. बाहेरून दोन्ही सारख्याच. ड्रायव्हर तोच, इंजिन तेच, धूरही तोच.

मालकाकडे ट्रेलर ओढणाऱ्या अशा दोन गाड्या होत्या, एकाच कंपनीच्या, एकाच रंगाच्या. एक खाणीतून दगड घेऊन चढ चढायची, तिला सातचा संच. दुसरी सपाट रस्त्याने लांबच्या खेपा करायची, तिला नऊचा. तीन वर्षांपूर्वी दोन्ही एकाच दिवशी कामाला आल्या होत्या. एकीचं बेअरिंग, दुसरीचं सील. दोन्ही संच याच टेबलावर शेजारी शेजारी ठेवले होते, दोन्हींवर खडूने खुणा केल्या होत्या, आणि डिझेलने धुताना दोन्ही खुणा वाहून गेल्या होत्या. मिस्त्रीला आता ते टेबल डोळ्यांसमोर दिसत होतं.

त्याच्या वस्तादाने एक पद्धत घालून दिली होती. हाऊसिंग बंद करण्याआधी त्या गाडीच्या ड्रायव्हरने मोठ्याने दात मोजायचे, मिस्त्रीने ऐकायचे, मग ठिपका मारायचा. वस्ताद जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी मिस्त्री ती पाळत असे. फक्त त्या दिवशी पाळली नाही. खाणीच्या गाडीचे ड्रायव्हर होते त्याचे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान; सगळं यार्डही त्यांना दाजीच म्हणे. दाजी बाह्या सरसावून मोजायला पुढे झाले होते. मालक बाजूला घड्याळ बघत उभा होता. आणि मिस्त्री चार माणसांसमोर म्हणाला होता, "दाजी, तुम्ही आपलं स्टिअरिंग धरा. दात मोजायला आम्ही बसलोय."

सगळे हसले. दाजींनी बाह्या खाली केल्या. त्या दिवसापासून ते मेहुण्याला 'अरे' म्हणायचे थांबले आणि 'अहो मिस्त्री' म्हणायला लागले.

पुढचं सगळं महाभारत त्यानंतरचं. पहिल्याच आठवड्यात दाजी सांगायला लागले, गाडी ओढत नाही. मालकाने त्याच सुमारास खाणीतल्या धोंड्यांना पोट घासू नये म्हणून मोठे टायर घातले होते. दाजी म्हणाले, टायरमुळे असेल. मिस्त्रीला बोलावण्यात आलं. टायर मोठा झाला की एका फेऱ्यात रस्ता जास्त कापला जातो आणि ओढ तितकी घटते, हे मिस्त्रीने पंडितासारखं समजावून सांगितलं. पण ती घट दहाव्या हिश्श्याची. दाजी म्हणाले, दहाव्या हिश्श्याचं हे काम नाही, मला गाडी हातात कळते, एकदा चाकं उचलून दांड्याचे फेरे मोजून बघा. दहा मिनिटांचं काम होतं. मिस्त्रीने बिल्ल्यावरच्या ठिपक्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "टायरने दहावा हिस्सा खाल्ला. बाकीचा दाजींचा पाय खातोय."

हे वाक्य यार्डाला फारच आवडलं. दाजी दिसले की कोणी ना कोणी ते म्हणायचं. दाजींनी त्या वर्षात तीन क्लच जाळले. जाळणारच होते, कारण चाळीस टनांचा भार त्या गाडीला छप्पन्न टनांसारखा झाला होता. तिसऱ्या क्लचनंतर मालकाने त्यांना गाडीवरून उतरवलं आणि वजनकाट्याच्या खिडकीत बसवलं. दुसऱ्यांच्या गाड्या मोजायला. नवीन ड्रायव्हरला मालक म्हणाला, सवय होईपर्यंत अठ्ठावीसच भर. सवय झाली तरी भार अठ्ठावीसच राहिला, आणि यार्डात म्हणायला लागले की बघा, नवा माणूस आल्यापासून एक क्लच जळला नाही.

एवढं आठवून झाल्यावर मिस्त्री उठला. कारण अजून एक गाडी होती.

सपाटीवरची ती गाडी दोन वर्षांपासून यार्डाच्या मागच्या भिंतीशी उभी होती. तिच्या चाकांभोवती गवत वाढलं होतं. मिस्त्रीने एकट्याने तिची दोन्ही मागची चाकं उचलली, दांड्यावर खडूने एक रेघ ओढली, चाकावर दुसरी, आणि दांडा हाताने फिरवत मोजायला लागला. एक, दोन, तीन, चार, पाच, आणि सहावा पुरा होता होता चाकावरची रेघ परत वर आली. सात दात इथे होते. दाजींनी मागितलेली दहा मिनिटं मिस्त्रीने अशी तीन वर्षांनी, चुकीच्या गाडीखाली, गवतात बसून खर्च केली.

त्या गाडीचा ड्रायव्हर होता लंबू. उंच म्हणून लंबू. त्याची तक्रार बरोबर उलटी होती. गाडी वेग घेतला की किंचाळते, डिझेल खूप पिते, आणि मीटर जास्त पळतो. शंभर किलोमीटरच्या रस्त्याला मीटर सव्वाशेच्या वर दाखवायचा. मालकाने त्यातून जे काढायचं तेच काढलं: लंबू गाडी आडवाटेला घालून स्वतःच्या खेपा करतो आणि वर डिझेलही काढून विकतो. लंबू मिस्त्रीकडे आला होता. "मिस्त्री, मागे काहीतरी गडबड आहे, बघा ना." मिस्त्री म्हणाला होता, "एक्सल डिझेल पीत नाही." तेव्हाही आजूबाजूचे हसले होते. एक गाडी ओढत नाही आणि तिची बहीण नको इतकी फिरते, या दोन तक्रारी शेजारी शेजारी ठेवून बघायची बुद्धी त्या आठवड्यात कोणालाच झाली नाही, आणि ज्याला व्हायला हवी होती तो स्वतःच्या ठिपक्यावर खूश होता. लंबूला हाकलल्यावर पुढच्या ड्रायव्हरच्या हातातही गाडी तेवढंच प्यायली. तेव्हा सगळे म्हणाले, लंबूने गाडीची वाट लावून ठेवली, आणि मालकाने ती भिंतीशी लावून टाकली.

मिस्त्री दिवसभर त्या दोन गाड्यांमध्ये येरझारा घालत होता. एक सरळ रस्ता समोर होता. भिंतीकडच्या गाडीतला संच काढायचा, खाणीच्या गाडीत बसवायचा, तोंड बंद ठेवायचं. बिल्ला तर आधीपासून बरोबरच होता. त्याला फक्त खोट्याचा खरा करायचा होता. संध्याकाळपर्यंत मिस्त्रीने हे जवळजवळ ठरवलंही, आणि तेवढ्यात ताई सीटचं कव्हर घेऊन आली.

दाजींचा पगार निम्म्यावर आल्यापासून ताई गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायची. खाणीच्या गाडीचं कव्हर फाटलं होतं. ती केबिनमध्ये चढली, नवऱ्याच्या जुन्या सीटला कव्हर ताणून बांधलं आणि खाली उतरून भावाकडे बघत उभी राहिली.

"काय रे, तोंड का उतरलंय?"

"काही नाही. एक्सल."

"तू कधी एक्सलसाठी तोंड उतरवलं नाहीस." ती पायरीवर टेकली. "मी परवा डबा द्यायला काट्यावर गेले होते. भरलेली गाडी समोरून चढाला लागली, तर खिडकीत बसल्या बसल्या यांचा डावा पाय क्लच दाबावा तसा जमिनीवर दाबला जात होता. त्यांना कळतही नव्हतं. मला आधी हसू आलं, मग घरी येईपर्यंत रडू येत राहिलं."

मिस्त्री चिंधीने हात पुसत राहिला. हात केव्हाच कोरडे झाले होते.

"एक विचारू?" ताई म्हणाली. "खरंच त्यांचा पाय इतका वाईट होता का रे? मी तीन वर्षांत कधी विचारलं नाही. तू म्हणालास म्हणजे झालं, असं धरून चालले."

खोटं त्याच्या जिभेवर तयार होतं. पण ताईने लहानपणापासून त्याला वाढवलं होतं, आणि ती समोर बसून विचारत होती.

"नाही," तो म्हणाला. "पाय चांगला होता. गाडीत चुकीचा संच होता. मी टाकलेला."

त्याला वाटलं होतं ती त्याच्यावर धावून येईल. ती पायरीवरून हललीही नाही. म्हणाली, "मुलीला मोटरसायकल शिकवायला निघाले होते. मी म्हणाले, राहू द्या, तिचाही क्लच जाळाल. मुलीच्या समोर म्हणाले रे मी." मग ती उठली. "त्यांना तू सांगायचं. मी नाही सांगणार. माझ्या तोंडून त्यांनी भरपूर ऐकलंय."

भिंतीकडच्या गाडीबद्दल मिस्त्रीने तिला काही सांगितलं नाही. एका दिवसात एवढं पुरे, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वजनकाट्यावर गेला. खोली एवढीशी, काचेची खिडकी, समोर लोखंडी पाट्यावर एक भरलेली गाडी उभी. दाजी चष्मा नाकावर घेऊन चिठ्ठी लिहीत होते.

"बोला मिस्त्री."

"दाजी, तुमच्या गाडीत सातचा नव्हता. नऊचा होता. त्या दिवसापासून."

दाजींनी चिठ्ठी पुरी केली, खिडकीतून बाहेर दिली, गाडीला हाताने 'जा' म्हटलं. गाडी पाट्यावरून उतरल्यावर ते वळले. "परत सांगा."

मिस्त्रीने परत सांगितलं.

"कोणी टाकला?"

"मी."

"मी मोजायला आलो होतो."

"हो."

"नुसतं दांड्याचे फेरे मोज म्हणून सांगत होतो. हात जोडले होते मी तुला." तीन वर्षांनी त्यांच्या तोंडून 'तू' आलं होतं, आणि ते कसं आलं याचा मिस्त्रीला आनंद मानता येत नव्हता. "तू मिस्त्री आहेस. तुला कळायला हवं होतं."

 दाजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता, पण रागाखालून दुसरंच काहीतरी वर येत होतं. माणूस बरा झाल्याचं डॉक्टरने सांगितल्यावर दिसतं तसं. "मालकासमोर बोलायचं," ते म्हणाले. "आणि हाऊसिंग बंद करायच्या आधी दात मी मोजणार."

मालकाने सगळं उभ्या उभ्या ऐकलं आणि एकच गोष्ट विचारली. "म्हणजे आता गाडी चाळीस ओढेल?"

"ओढेल. पण टायर जुन्या मापाचे घालावे लागतील. मोठेच ठेवायचे असतील तर छत्तीसच्या वर भरू नका."

"टायर बदला मग. झालं ते झालं." मालक फोन कानाला लावत वळला. "दाजींना सांगा, सोमवारपासून या म्हणून."

तीन वर्षं त्या 'या म्हणून' मध्ये संपली. दाजी दारातच उभे होते, त्यांना वेगळं सांगायची गरज पडली नाही.

शनिवारी दाजी टेबलापाशी आले. अंगात जुना ड्रायव्हरचा शर्ट होता, ताईने इस्त्री केलेला. मिस्त्रीने सातचा संच धुऊन, पुसून ठेवला होता. दाजींनी बाह्या सरसावल्या, पिनियनवर बोट ठेवलं आणि वस्तादाच्या पद्धतीने मोठ्याने मोजायला सुरुवात केली. एक. दोन. तीन. चार. चारवर त्यांचं बोट थांबलं.

"हा कुठून आणलास?"

"होता एक."

"हा नवा नाही." दाजींनी चौथ्या दाताच्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. तिथला टवका उडालेला होता. "खाणीत गाडी रुतली होती, तेव्हा हा कोपरा गेला. तूच मला दाखवला होतास. हा माझ्याच गाडीचा आहे. इतके दिवस कुठे होता?"

मिस्त्रीने मागच्या भिंतीकडे पाठ केली. एवढ्या वर्षांनंतर दाजी एक टवका ओळखतील असं त्याला वाटलं नव्हतं. ज्या माणसाच्या हाताला काही कळत नाही असं तो जगाला सांगत आला होता, त्याच माणसाच्या हाताने त्याला पकडलं होतं. दाजींनी त्याच्याकडे पाहिलं, मग तो जिकडे बघायचं टाळत होता तिकडे पाहिलं, आणि चालत मागच्या भिंतीपर्यंत गेले. दांड्यावर खडूची रेघ अजून होती. ते परत आले तेव्हा त्यांची चाल बदलली होती.

"लंबूच्या गाडीत."

"हो."

"मीटर जास्त पळायचा..."

"मीटर दांड्यावर चालतो. दांडाच जास्त फिरत होता."

"डिझेल?"

"सगळ्या रस्त्याला इंजिन ताणलेलं. पिणारच."

दाजी टायरवर बसले. "मालकाने मला विचारलं होतं," ते म्हणाले. "माझा दुसरा क्लच गेला होता त्या वेळी. कोणी माझ्याशी धड बोलत नव्हतं. आणि मालकाने केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली, म्हणाला, दाजी तुम्ही जुने, खरं सांगा, सपाटीवर ही गाडी एवढं पिते का. मी म्हणालो, पीत नाही. कोणीतरी काढतंय." ते हातांकडे बघत होते. "खुर्ची दिली म्हणून म्हणालो, दुसरं काही नाही. तू मला हे सांगणार नव्हतास ना?"

"नाही."

"तो आता कुठे असतो?"

मिस्त्रीला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. "नव्या पुलाच्या कामावर. आपला दगड जातो तिथेच."

दाजी उठले, पिनियनवर बोट ठेवलं आणि राहिलेले तीन दात मोजले. पाच, सहा, सात. मिस्त्रीने पंच उचलला, पण ठिपका मारायला त्याचा हात धजेना. त्याने तो तसाच खाली ठेवला.

सोमवारी चाळीस टन भरले. दाजी स्टिअरिंगवर, शेजारी मिस्त्री, कारण दाजींनी त्याला "चल" एवढंच म्हटलं होतं. मालक चढाच्या तोंडाशी आपली गाडी लावून उभा होता. दाजींनी पायथ्यालाच खालचा गिअर धरला आणि क्लच असा सोडला की गाडी कधी हलली ते मिस्त्रीला कळलं नाही. वीस वर्षं एक्सलखाली काढली, पण चांगला पाय वरून कसा दिसतो हे त्याने कधी बघितलं नव्हतं. गाडी एका लयीत, एकदाही न अडखळता वर चढली. माथ्यावर पोचल्यावर मिस्त्रीने आरशात बघितलं. मालक अर्ध्यातच निघून गेला होता.

दाजींच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. या चढासाठी ते तीन वर्षं झुरले होते, आणि तो पार झाला तेव्हा त्यांचं लक्ष पुलाकडे होतं.

कामावर मुकादमाला विचारलं तर तो म्हणाला, "कोण लंबू?"

"उंच आहे. आधी ड्रायव्हर होता."

"अच्छा, डिझेल." मुकादमाने तोंडाशी हात धरून हाक मारली, "ए डिझेल!" तिथे त्याला सगळे हेच म्हणत. का म्हणतात ते निम्म्यांना ठाऊक नव्हतं.

लंबू घमेलं खाली ठेवून आला. केसांत सिमेंट होतं. गाडी ओळखून त्याने मडगार्डवर हात ठेवला, आणि दाजी बोलायला लागले. दाजींनी सगळं सांगितलं. सात, नऊ, मीटर, मालकाची खुर्ची, काही गाळलं नाही. मिस्त्री मध्ये बोलायला गेला तर त्यांनी हाताने थांबवलं.

लंबूने ऐकून घेतलं. मग मिस्त्रीला विचारलं, "म्हणजे शंभराला सव्वाशे, ते यामुळे?"

"हो."

"मला वाटायचं, मीच कुठे रस्ता चुकतो की काय. नंतर नंतर मी मैलाचे दगड मोजत जायचो." तो थोडा हसला. "घरी सांगून दमलो. शेवटी सांगायचं सोडून दिलं. हो, चोरलं, असं म्हटलं की निदान लोक दुसऱ्या विषयावर जातात. बायकोलाही तेच सांगितलंय. आता तिला काय सांगू, की तेही खोटं होतं?"

"मी येतो घरी," दाजी म्हणाले. "मी सांगतो त्यांना. मालकालाही सांगतो."

"सांगा ना. ऐकतील, न ऐकतील." लंबूने मडगार्डवरचा हात काढला. "मिस्त्रींचं मी एक वेळ समजू शकतो. ते खाली झोपून काम करणार, त्यांना गाडी काय बोलते ते काय कळणार. पण तुम्ही स्टिअरिंगवरचे माणूस, दाजी. तुमचीही गाडी त्याच आठवड्यात बिघडली होती. तुम्हाला कळायला हवं होतं."

 मुकादमाने पुन्हा 'ए डिझेल' म्हणून हाक मारली, आणि लंबूने सवयीने ओ दिली, घमेलं उचललं आणि गेला.

दगड उतरवून ट्रेलर रिकामा झाल्यावर दाजी दुसऱ्या बाजूने चढले आणि मिस्त्रीच्या जागेवर बसले.

"तू चालव."

"दाजी, मी फक्त यार्डात मागेपुढे करतो."

"रिकामी आहे. चालव."

परतीच्या वाटेवर एक छोटासा चढ होता. तिथे पुढे एक हातगाडी आडवी आली आणि मिस्त्रीला थांबावं लागलं. हातगाडी बाजूला झाली. त्याने गाडी उचलायचा प्रयत्न केला, ती मागे सरकली, त्याने घाबरून क्लचवरचा पाय अर्ध्यावर धरला आणि एक्सीलरेटर दाबला. संच सातचा होता, टायर बरोबर मापाचे होते, पाठीवर भार नव्हता. तरी क्लचचा जळका वास हळूहळू केबिनभर पसरला. दोघांनाही तो वास चांगला माहीत होता. दाजींनी आपल्या बाजूची काच खाली केली.